म्हारवाडा थोरली

किल्ली ओट्यावर बसलेल्या घरमालकाच्या हातात होती. पितळी, लाल दोऱ्याला बांधलेली. खोली दाखवून झालती. मागच्या बाजूची खोली, मोरी आतच, खिडकी गल्लीकडं. सरकारी दवाखाना तिथनं पायी दहा मिनिटं. माय बाहेर ओट्यावर टेकली होती. नुकतंच तिचं डायलिसिस झालतं, हाताला पट्टी तशीच होती. घरमालकाच्या बायकोनं तिला स्टीलच्या ग्लासात पाणी आणून दिलतं. मायला पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून ती घोट घोट घेत होती.

सगळं ठरल्यात जमा होतं. आडनाव विचारून झालतं. आमचं आडनाव मराठ्यांतबी हाय, आमच्यातबी हाय. त्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं मान हलवली. मी खोटं बोलले न्हाई. पुढचं त्यानं विचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. कावून सांगू? मला खोली भाड्यानं घ्यायची होती, सोयरीक जुळवायची नव्हती.

"एक मिसकॉल मारा," तो म्हणाला. "नंबर असू द्या आमच्याकडं."

मी मारला.

त्याचा फोन ओट्यावरच होता, मायच्या शेजारी. चष्म्याशिवाय त्याला अक्षर दिसत न्हाई, म्हणून कुणाचा फोन आला ते मोठ्यानं सांगायला त्यानं फोनला लावून ठेवलतं. फोन वाजला. आन एका बाईच्या आवाजात, इंग्रजी शाळेतल्या पोरीनं मराठी वाचावं तसं अडखळत, फोन बोलला:

"म्हारवाडा थोरली."

मी कट करायला गेले, तर घामेजलेल्या बोटानं काचेवरचं बटण दबंना. फोन पुन्हा बोलला. "म्हारवाडा थोरली." सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती, तिनंबी मान वळवली.

घरमालकानं किल्ली मुठीत घेतली. मग मूठ खिशात घातली. मग म्हणाला, "अरे हो, मी विसरलोच बघा. भाचा यायलाय आमचा शिकायला. त्याला शब्द दिलाय."

त्याची बायको म्हणाली, "कोणता भा..." आन मधीच गप्प झाली.

मायनं ग्लास तोंडापासून खाली घेतला. अर्धं पाणी तसंच. ती भिंतीला धरून उठली, कोपऱ्यातल्या नळापाशी गेली, वाकून ग्लास धुतला आन पायरीवर पालथा घातला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी जन्मल्यापासून मायला असं करताना कधी बघितलं नव्हतं. तिच्या लहानपणी करावं लागायचं, असं ती सांगायची तेवढंच. हाताला पट्टी, अंगात त्राण न्हाई, आन माझी माय दुसऱ्याच्या दारात ग्लास पालथा घालती.

आन मी काय केलं? मी म्हणलं, "बरं काका, येते." येते म्हणलं मी! हे सांगताना आजबी माझं तोंड कडू होतं.

रिक्षातनं बसस्टँडला आल्यावर माय म्हणाली, "म्हारवाडा कळला गं मला. पण थोरली? आपल्या घरातलं नाव त्या माणसाला कुणी सांगितलं?"

माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आमी तिघी बहिणी. मला घरात थोरली म्हणतात. बाहेर कुणी न्हाई म्हणत. कॉलेजात न्हाई, कामावर न्हाई. तो नंबर तर नव्या सिमचा, घेऊन दोनच महिने झालते.

आमचं गाव उमापूरच्या पुढं. तिथनं बीडला यायचं तर गेवराईला गाडी बदलायची. मायच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्याला दोन डायलिसिस. पहाटं निघायचं, दुपारी यंत्रावरनं उतरायचं, मग पुन्हा दोन गाड्या. मशीनवरनं उतरलेलं माणूस कसं असतं ते ज्याच्या घरी हाय त्यालाच कळतं. एकदा गाडीत जागा मिळाली न्हाई तर माय दांडीला धरून उभी राहिली आन गेवराईच्या अलीकडं खाली कोसळली. त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "यांना असं प्रवासात मारू नका. इथं जवळ कुठंतरी राहा." म्हणून मी बीडला काम धरलं. एका मोठ्या मार्टात, बिलिंग काउंटरवर. मी चार पोरींच्या खोलीत एका कॉटवर झोपायची. तिथं मायला ठेवता येत नव्हतं. म्हणून खोली पाहिजे होती. चैन म्हणून न्हाई. माय जगावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी शबानाला सांगितलं. शबाना माझ्या शेजारच्या काउंटरवर बसती, बीडचीच हाय. ती म्हणाली, "थांब, रडू नको. अपने फोन में देखते." तिच्या फोनात तेच ॲप होतं, फोन करणाऱ्याचं नाव सांगणारं. तिनं त्यात माझा नंबर टाकला. गोल फिरलं, आन नाव आलं. इंग्रजी अक्षरांत. म्हारवाडा थोरली.

"या अल्ला," शबाना म्हणाली. मग तिनं स्वतःचा नंबर टाकला. आलं: शबाना मुस्लिम बिलिंगवाली. आदी ती हसली. मग तिचं हसू गेलं. "मेरेकू किसने लिखा होगा ये?" एवढंच म्हणाली आन टोपी घालून काउंटरवर जाऊन बसली.

मला मात्र त्या दिवशी एक-एक आठवायला लागलं. पंधरा दिवसांत मी नऊ ठिकाणी खोलीसाठी फोन केलते. फोनवर मी "हाय" म्हणत न्हाई, "आहे" म्हणते. "न्हाई" म्हणत न्हाई, "नाही" म्हणते. आवाज गोड करते. तरीबी नऊच्या नऊ लोकांनी "कळवतो" म्हणलं आन कुणीच कळवलं न्हाई. मला वाटायचं, माझं बोलणं गावंढळ वाटत असंल. अगं माय! मी तोंड उघडायच्या आदीच फोननं माझं तोंड काळं केलं होतं. मी इकडं शुद्ध बोलायला मरती, आन तिकडं त्यांच्या हातात माझा वाडा चमकतोय. त्या रात्री मी कॉटवर उशीत तोंड घालून ओरडले. मला मरावंसं वाटलं. खरं सांगते, मरावंसं वाटलं.

मंगळवारी मला सुट्टी. मी गावाकडं गेले. माय आत पडलेली. नाना, म्हंजी माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली काम करतात. ते यायचे होते. त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला, देवळीत. मी नुसतंच, काही मनात नसताना, माझा फोन काढला आन त्यांना फोन लावला.

देवळीतला फोन उजळला. इंग्रजी अक्षरं. म्हारवाडा थोरली.

आपलेच दात आन आपलेच ओठ. मी मटकन खाली बसले. माझ्या नानांच्या फोनात, माझ्या घरात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आन त्याच्या खाली माझं हे नाव वाजतंय.

मग मला सगळं कळलं. नानांना लिहिता-वाचता येत न्हाई. नंबर सेव्ह करायचा तर ते चौकातल्या रिचार्जवाल्याकडं जातात. गावातले सगळेच जातात, ही रीतच हाय आमच्याकडं. म्हाताऱ्या बाया पोलक्यातनं चिठ्ठी काढून देतात, तो नंबर टाकून देतो, नाव तोच घालतो. काय घातलं ते कोण वाचतंय? नानांनी सांगितलं असंल, "थोरलीचा नवा नंबर हाय, घाल बाबा." त्यानं घातला.

पण त्यानं घातलेलं नाव नानांच्या फोनातच राहिलं असतं की. ते बीडला त्या घरमालकाच्या ओट्यावर कसं गेलं? ते मी पाठवलं. मी, माझ्या हातानं. दिवाळीत नानांना बँकेच्या नावानं कुणाचातरी फोन आलता, आकडे सांगा म्हणून. नाना सांगायलाच निघाले होते, मी फोन हिसकावून घेतला. आन पुन्हा असं व्हायला नको म्हणून त्यांच्या फोनात ते ॲप टाकलं. कोण फोन करतंय ते आपल्याला कळंल म्हणून. ॲपनं विचारलं, तुमच्या फोनातली सगळी नावं बघू का? परवानगी द्या. दिली. पुन्हा विचारलं, परवानगी द्या. दिली. चार वेळा विचारलं, चार वेळा मी अंगठा दाबला. एक ओळ वाचली न्हाई. बी.ए. झालेली पोरगी मी! माझ्या आज्याचा सगळा जन्म दुसऱ्याची परवानगी मागण्यात गेला. आन मी एका मिनिटात चार देऊन टाकल्या. मग पुढं मी नवं सिम घेतलं, त्यानं ते नाव घातलं, आन ॲपनं ते उचलून नेलं.

नाना आले. हातपाय धुतले. मी विचारलं, "नाना, माझा फोन आला की तुमाला कसं कळतं?"

"न कळायला काय झालं? हे बघ की." त्यांनी फोन हातात घेतला, सिमेंटनं फाटलेलं बोट त्या अक्षरांवर ठेवलं. "हे पयलं अक्षर डोंगरावानी हाय. आन मागं लांब शेपूट. हे दिसलं की मी वळखतो, माजी थोरली."

ते हसत होते. आता ह्या माणसाला काय सांगू? माझ्या मनात आलं, नको सांगू. गप ऱ्हा. नाव बदल आन मोकळी हो. पण आत माय झोपलेली, आन तिनं पालथा घातलेला ग्लास माझ्या डोळ्यापुढं. मी सांगितलं. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. ते कुठं वाजलं तेबी सांगितलं.

नानांनी त्या अक्षरांवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी मीच गावभर बोंबलत होतो."

"तुमी न्हाई नाना. मी."

"एकच झालं," ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले न्हाईत.

मी चौकात गेले. रिचार्जवाला काही वाईट माणूस न्हाई. मायला दवाखान्यात न्यायला दोनदा स्वतःची गाडी काढलीय त्यानं. मी विचारलं, "दादा, माझं नाव असं कावून लिहिलं?"

तो गडबडला. म्हणाला, "अगं, मी काय शिवी दिली का? गावात चार थोरल्या हायत. वळखू यावी म्हणून जागा लिहिली नुसती."

"जागेचं नाव सिद्धार्थनगर हाय. पाटी हाय वेशीपाशी, तुमच्या दुकानातनं दिसती."

"तसं कोण म्हणतंय गं? सगळे तेच म्हणतात."

"बरं. वरच्या आळीतल्या लोकांचे नंबर घालता, त्यांच्या पुढं काय लिहिता?"

"त्यांचं काय लिहायचं?" तो म्हणाला. "त्यांचं नावच लिहितो की."

एवढं बोलला आन त्याचं त्यालाच कळलं. मान खाली घालून तो कुणाचंतरी सिम कापायला लागला. मी तिथंच उभी राहिले. वाटलं होतं भांडीन, दुकान डोक्यावर घेईन. पण भांडायला समोर माणूसच नव्हता. सवय होती नुसती. सवयीच्या कानाखाली कशी मारायची?

नानांच्या फोनातनं मी ते ॲप काढलं. माझं नाव नीट घातलं, मराठीत. आन काय झालं? दोन दिवस नानांनी माझा फोन उचलला न्हाई. अक्षर बदललं, त्यांना मी वळखूच येईना. मायला ताप भरलता आन मी इकडनं फोनवर फोन करती. शेवटी शेजारणीच्या फोनवर लावला. मी म्हणलं, "नाना, तुमाला वळखायला माझा फोटो लावून देते." तर नाना म्हणाले, "नको. फोटूबी ते ॲप वर नेईल." मग वसतिगृहातनं सुट्टीला आलेल्या धाकटीनं माझं नाव कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर लिहून दिलं. साठीला आलेला माणूस रोज जेवताना भिंतीकडं बघायचा.

ॲपातनं नाव काढायची सोय हाय म्हणं. ती सापडायला मला तीन दिवस लागले. नाव काढायचं तर आदी आपला नंबर त्यांनाच द्यायचा! चोराच्या दारात जाऊन चोरीची फिर्याद. तरी दिला. नाव गेलं. पण गावात आणखी कुणाच्या फोनात मी काय म्हणून हाय, आन ते कधी वर जाईल, ते मला काय ठाऊक?

हे सगळं मनात घेऊन मी पुन्हा काउंटरवर बसले. समोर पहिलं गिऱ्हाईक आलं. माझ्या तोंडातनं सवयीनं निघालं, "नंबर सांगा."

आमच्याकडं बिलाच्या आदी नंबर. शेठचा नियम. खेड्यातनं आलेली बाई असली की नवऱ्याचा, न्हाईतर पोराचा नंबर सांगती, अगदी मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणल्यासारखा. त्याच्यावर मग तिनं काय घेतलं, कधी घेतलं, सगळं चढतं. आन एक रकाना असतो, वस्तीचा. कुठनं आलात ते बोलता-बोलता विचारायचं आन तिथं एक अक्षर घालायचं. अ, ब, न्हाईतर क. कोणती गल्ली कशात ते शेठनं कागदावर लिहून चिकटवलंय, आमच्या पायापाशी, गिऱ्हाईकाला दिसू नये असं. अ-ला सवलतीचं कार्ड. क-ला दारावरचा गार्ड पिशवी तपासतो. मी दोन महिने ते अक्षर घालत होते. भीमनगर, क. कबाडी मोहल्ला, क. वडारवस्ती, क. माझी बोटं इतकी चालायची की शेठनं एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

त्या दिवशी माझी बोटं थांबली. रिचार्जवाल्याला मी जाब विचारून आलते. आन मी इथं बसून दुसरं काय करत होते? त्यानं चार अक्षरं लिहिली, मी एकच लिहीत होते. त्यानं न कळत लिहिलं, मी पगार घेऊन. माझीच मला शिसारी आली.

आन मग ती आली. घरमालकाची बायको. भाचा हा शब्द मधीच गिळलेली.

तिनं मला वळखलं न्हाई. हिरवा एप्रन, टोपी, कोण बघतंय बिलवालीच्या तोंडाकडं. तिनं टोपलीतनं सामान काढलं. साखर, साबण, आन तळाला मोठ्या माणसांच्या डायपरचा पुडा. तो पुडा तिनं घाईनं माझ्याकडं सरकवला आन खालच्या आवाजात म्हणाली, "एवढं कागदात गुंडाळून दे बाई. काळ्या पिशवीत."

"नंबर?" मी विचारलं.

तिनं नंबर मोठ्यानं सांगितला. मागं रांगेत चार-पाच जण उभे होते.

स्क्रीनवर त्यांचं सगळं घर उघडलं. वस्ती, अ. दर महिन्याला डायपर, मोठा साईज, पुरुषांचे. रबरी चादर. अंगाला लावायची पावडर. मागच्या पावसाळ्यापासनं एक महिना चुकला नव्हता. मला कळलं. तो किल्लीवाला, तो ताठ बसलेला माणूस. त्यानं मला ओट्यावर बसूनच खोली कशी-कशी हाय ते सांगितलं होतं, दाखवायला उठलेली ती हीच होती. कुलूप हिनं उघडलं, किल्ली त्याच्या हातात दिली. तो जागचा का हलला न्हाई ते मला आत्ता कळलं.

पिशवी काळी पाहिजे, कागद पाहिजे, लोकांना दिसायला नको. आन नंबर मात्र चारचौघांत. त्या बाईची अब्रू माझ्या बोटाखाली होती. मला फक्त मोठ्यानं वाचायचं होतं. "काकू, डायपर मोठ्या साईजचेच ना? काकांचे?" बस्स, एवढंच. माझं तोंड उघडलंबी होतं. कशाला खोटं बोलू, मला त्यात गोडी वाटली. त्या क्षणाला मला वाटलं, वाजू दे तुझाबी फोन. ऐकू दे साऱ्या बीडाला.

आन मला तो आवाज आठवला. अडखळत बोलणारा. मायच्या शेजारी.

मी तोंड मिटलं. पुडा कागदात गुंडाळला, काळ्या पिशवीत घातला, गाठ मारली. मग टाकलेला नंबर पुसला आन तिला म्हणलं, "नंबर नको. नंबराशिवायबी बिल निघतं. पुन्हा कुणी मागितला तर देऊ नका."

तिनं तेव्हा माझ्या तोंडाकडं पहिल्यांदा बघितलं. वळखलं. तिचा हात पिशवीवरच राहिला. म्हणाली, "तू... तुझी आई कशी हाय? हे बघ, त्या दिवशीचं मनात ठेवू नको. आमच्या ह्यांचा स्वभाव..."

"मनात ठेवणार," मी म्हणलं. "पुढचे या."

तिनं खोली देते म्हणलं न्हाई. मला ते अपेक्षितबी नव्हतं. ती गेली.

त्या दिवसापासनं मी प्रत्येकाला सांगायला लागले. नंबर द्यायची सक्ती न्हाई. वस्तीच्या रकान्यात मी काहीच घालंना. शबानानं दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी तिनंबी सोडलं. आठवड्यानं शेठनं मला आत बोलावलं.

"नंबर न घेता बिलं करायलीस. का?"

"लोकं देत न्हाईत."

"तू मागतच नाहीस. मला सगळं दिसतं स्क्रीनवर."

"मागते शेठ. पण सक्ती न्हाई हेबी सांगते. आन वस्ती विचारणार न्हाई मी. ते अक्षर मी घालणार न्हाई."

शेठनं पेन टेबलावर आपटला. "म्हणूनच तुमच्या लोकांना कामावर घेऊ नये. बोट दिलं की हात धरता."

एरवी मी खाली बघितलं असतं. "सॉरी शेठ" म्हणलं असतं. मायचं दुखणं, कॉटचं भाडं, सगळं डोळ्यापुढं होतं. पण मी विचारलं, "कोणत्या लोकांना शेठ? क?"

त्यानं पेन उचलून खिशाला लावला. मग म्हणाला, "महिना संपू दे. बघतो." महिना संपायला आता नऊ दिवस हायत. मला काढतील. नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "काढू दे." काढलं तर मायला मी कुठं नेऊ, हे मला ठाऊक न्हाई. खोटा धीर द्यायला माझ्याकडं काही न्हाई.

काल आणखी एक पाटी दिसली. खोली भाड्याने देणे आहे. मायचं डायलिसिस उरकून मी रिक्षा तिकडंच घ्यायला लावली. तिला उतरवत नव्हतं, ती आतच बसून राहिली. घरमालक तरणा होता, बनियनवर बाहेर आला. खोली दाखवली. आडनाव विचारलं. मग खिशातनं फोन काढून म्हणाला, "मिसकॉल मारा."

मी माझा फोन पिशवीत टाकला.

"मिसकॉल न्हाई मारत," मी म्हणलं. "तोंडानं सांगते. मी बौद्ध हाय. उमापूरकडची, सिद्धार्थनगरातली. ती रिक्षात माझी माय हाय, तिला आठवड्यातनं दोनदा मशीनवर जावं लागतं. खोली द्यायची असंल तर द्या. नसंल द्यायची तर भाचा यायलाय म्हणू नका. न्हाई म्हणा. मला बघून म्हणा."

तो फोनकडं बघायला लागला. म्हणाला, "घरात विचारून कळवतो. नंबर दिला असता तर..."

"घर हे समोरच हाय. आत्ता विचारा. मी थांबते."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मागनं मायचा आवाज आला, बारीक, पण आला. "घाई करू नको गं. मी बसली हाय."

माझं नाव काय, मी कुठली, हे मी ह्या बीडात प्रत्येक दारात सांगीन, पण मी सांगीन. माझ्या आदी कुठलाबी फोन ते सांगणार न्हाई. आन ज्याला मला न्हाई म्हणायचंय त्यानं ते माझ्या तोंडावर म्हणायचं, माझ्या मायच्या देखत, मोठ्यानं. तो माणूस अजून फोनकडंच बघत होता. मी जागची हलले न्हाई.